खालापूरच्या माळावरचे दोन भोंगे

त्या दिशी आमी चौघं व्हतो. मी अनसूया, पोशीरची. माझी थोरली जाऊ हिराबाय. तिचा ल्योक सुरेश, गाडी त्याची आन् चालवनारा पन त्योच. आन् माझी नात प्राजू, जिनं आमाला नेलं. पाचवी तितं गेल्यावर भेटली, तन्वी नावाची पोरगी, गळ्यात पट्टा अडकवून सगळ्यांना समजावत फिरनारी. येवढीच मानसं. बाकी गर्दी व्हती, पन ती मोबाईल तोंडाफुडं धरून उभी, तोंडं काय दिसली नायत.

मी सांगते आन् प्राजू मोबाईलवर लिवते. मला सही येते आन् एष्टीची पाटी वाचता येते, तेवढ्यावर जल्म निघाला. प्राजूला सांगितलंय, माझं बोलनं नीट करू नको, हाय तसं टाक.

पोशीर

प्राजू खालापूरच्या बाजूला एका रिसॉर्टमंदी कामाला हाय, येनाऱ्या पावन्यांची नावं कॉम्प्युटरवर घालते. त्या रिसॉर्टच्या मागच्या माळावर मुंबईच्या लोकांनी कायतरी मांडलं व्हतं. उजेडाचे आन् आवाजाचे खेळ. पाय ठेवला की पेटतं, हात लावला की वाजतं. कामावरच्या पोरींना घरच्यांसाठी फुकट पास दिले, एका पासावर दोन मानसं.

मी म्हनलं, "तितं जाऊन मिळतं काय?"

"आजी, मिळत काय नाय. अनुभव घ्यायचा."

"अनुभव माज्याकडं लई हाय. त्यांनाच पायजे काय इचार."

पन पोरगी हौसेनं बोलवते, नाय कसं म्हनायचं. कापनी-झोडनी कवाच झालेली, वाल शेंगांना आलेला, एक दिस निघू शकत व्हता.

आता हिराबायचं सांगायला पायजे, नायतर फुडचं तुमाला कळायचं नाय. आमचं घर येक, दारं दोन, ओटी मधी. आन् आमचा अबोला. प्राजू शाळेत बी जात नव्हती तवापासूनचा.

प्राजूचा आजा, माजा मालक, खडीच्या मशीनवर कामाला व्हता. धूळ छातीत बसली ती निघालीच नाय. शेवटी शेवटी त्यो पडवीत पडून असायचा, मी शेत बघायची, वालाच्या शेंगा टेंपोनं कशेळ्याच्या बाजारात न्यायची. हिरव्या शेंगा दुसऱ्या दिशी कोन घेत नाय, म्हून बाजार चुकवता येत नव्हता. अशाच एका बाजाराच्या दिशी त्यो गेला. मी टोपली डोक्यावर घेऊन आले तर अंगनात मानसं. बायका बसलेल्या. त्या सगळ्यांच्या देखत हिराबाय म्हनली, "झाला का बाजार? हिला बाजार मोठा, नवरा नाय."

टोपली उतरवली, आत गेले, फुडचं काम बघितलं. तवापासून तिच्याशी बोललेच नाय, आन् ती माज्याशी.

मरतेयेळी त्याच्याजवळ ती येकटीच व्हती. त्यो तिचा लहान दीर, ती लगीन होऊन आली तवा त्यो चड्डी सावरत फिरत व्हता, तिनंच वाढवला म्हना. शेवटी काय बोलला, माजी आठवन काढली का नाय, हे तिला म्हाईत. मला येवढंच इचारायचं व्हतं. पन बोलतच नाय त्या बाईला इचारनार कसं? दुसऱ्याच्या तोंडी इचारायची ही गोष्ट नव्हं.

अबोला म्हंजे गप बसायचं असं नाय. येका छपराखाली गप बसून भागत नाय. मधी कोनतरी लागतं. हिराबाय ओटीवर येऊन कोंबडीला म्हनते, "कोंबडे, कुनाचं तरी वाळवन भिजतंय गं." मी उठून वाळवन उचलते आन् खांबाला म्हनते, "दिसतंय आमाला." असं आमचं चाललेलं. भांडन सुदिक कोंबडीकडूनच.

पळसदरी

सकाळी गाडीत बसलो. हिराबाय फुडं सुरेशपाशी, मी मागं प्राजूपाशी. कर्जत सोडलं तरी चार शबुद झाले नायत. गाडी पळसदरीच्या धरनाच्या पान्याजवळ थांबवली, भाकऱ्या सोडल्या. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं माजं, सुकटीची चटनी हिराबायची.

हिराबाय म्हनली, "सुरेश, चटनी हाय म्हनाव, कुनाला लागत असंल तर."

मी म्हनलं, "सुरेश, बिरडं हाय. कुनाच्या चटनीपेक्षा मीठ तरी बरं हाय त्यात."

सुरेश घास तोंडात धरून म्हनला, "मी गाडी चालवू का पोस्ट वाटू? कोंबडी आनायची व्हती संगती."

पान्याच्या कडेला शनवार-रैवारवाली मंडळी आलेली. येक पोरगी भिंतीवर आडवी पडलेली आन् तिचा नवरा का कोन त्यो तिचे फोटो काढत व्हता. आमी मागं दिसत व्हतो. त्यो आला आन् लई गोड बोलून म्हनला, "आजी, जरा त्या साईडला बसता का? फ्रेममध्ये येताय." आमी भाकऱ्या उचलून त्या साईडला बसलो. मंग त्येच मानूस परत आलं, म्हनलं, तुमच्या भाकरीचा फोटो काढू का. भाकरी चालली त्येला, खानारी नको.

फुडं सुरेशनं मोबाईलच्या नकाशावर भरवसा ठेवला. मोबाईल म्हनला उजवीकडं, हा वळला उजवीकडं. गाडी येका बंगल्याच्या फाटकाला जाऊन टेकली. आतून कुत्रं, बाहेरून वॉचमन. वॉचमन तितल्या वरच्या वाडीतला निघाला, त्यानं रस्ता सांगितला, वाडीचं रडगानं पन सांगितलं. म्हनला, "सगळे हितंच येतात, नकाशाच तसा हाय. माजं अर्धं काम हेच." त्या बाजूला पूर्वी शेतं दिसायची, आता भिंतीच दिसतात, आन् भिंतीवर पाट्या, 'निसर्गाच्या कुशीत'. कूस कुलपात.

माळावर

ऊन उतरताना पोचलो. उजेडाचे खेळ म्हून अंधार व्हायची वाट बघायची व्हती. तवर खायचे ठेले. तितं पोपटी. आमच्याकडं मडक्यात वालाच्या शेंगा आन् भांबुर्डीचा पाला घालून, शेतात पेंढ्याच्या जाळावर करतात ती. हितं मडकं भोपळ्यायेवढं नाय, लिंबायेवढं, आन् वर चीज. प्राजूनं घेतली. हिराबायनं मडक्यात बोट घालून बघितलं आन् सुरेशला म्हनली, "बाहुलीचं बारसं हाय काय रं?" मला हसू आलं. मी तोंड फिरवलं, तिनं बघितलं नसंल.

मंग तन्वी आली. काळे कपडे, गळ्यात पट्टा. "काकू, या जागेत चुकीचं असं काहीच नसतं. मनात येईल तसं वागा."

मनात येईल तसं वागायला आमाला आजपत्तूर कोनी सांगितलं नव्हतं. आमी व्हतो तितंच उभ्या र्‍हायलो.

पयल्यांदा येक जमीन. पाय ठेवला की पान्याचा उजेड पायाखालून पसरतो, मासे पळतात, खळखळ आवाज येतो. हिराबायनं लुगडं गुडघ्यापत्तूर वर घेतलं. मी बी घेतलं, खोटं कशाला बोलू. तन्वी म्हनली, "काकू, हे खरं पाणी नाही."

मी म्हनलं, "ते म्हाईत हाय गं. वरच्या वाडीला पन असंच पानी येतं. नळ हाय, पाटी हाय, नुसतं पानी नाय. त्यांनी हितं मासे तरी घातलेत."

ती हसली आन् फुडं चालली.

मंग येक झाड. पलास्टिकचं. त्याला मिठी मारली की पेटतं आन् आतून धडधड वाजतं, छातीसारखं. तन्वी म्हनली, "आपण झाडांना जवळ घ्यायला विसरलोय, त्याची ही आठवण."

हिराबाय सुरेशला म्हनली, "सांग तिला, झाडाला मिठी मारून बघ म्हनाव. ह्या दिसांत आंब्यावर मुंगळे असतात. मंग आठवन र्‍हाईल." गाड्या लावायच्या जागेत आंब्याचे बुंधे कापलेले मी येतानाच बघितले व्हते. ते काय पेटत नव्हते.

मंग दोन पितळी खांब. दोघांनी येकेक खांब धरायचा आन् येकमेकांचा हात धरायचा, म्हंजे मधी दिवे लागून गानं वाजतं. येका पासावर दोघं म्हून प्राजूनं मला आन् हिराबायला उभं केलं. तिचा डाव व्हता त्यो, मला तवाच कळलं. मी खांब धरला. हिराबायनं खांब धरला. मधले हात दोघींनी पदरात घेतले. तन्वी म्हनली, "काकू, हात द्या ना. लाजताय का?"

"लाजत नाय," मी म्हनलं. "तूच ये मधी."

ती आली मधी. येक हात माज्या हातात, येक हिराबायच्या. दिवे लागले, गानं वाजलं. तन्वी म्हनली, वा, किती छान. तिला कुटं म्हाईत ती कोंबडीच्या जागी उभी हाय म्हून. सुरेश तिकडं वळून खोकत व्हता, हसू लपवायला.

भोंगे

अंधार पडला तवा भोंग्यांपाशी आलो. माळाच्या ह्या टोकाला येक मोठ्ठा भोंगा, धोतऱ्याच्या फुलासारखा, मानूस आत मान घालंल येवढा. दुसरा तसाच त्या टोकाला. मधी काळी भिंत. ह्यात बोललं की त्यात ऐकू येतं. आन् बोललं की भिंतीवर दिवे चढतात, मोठ्यानं बोललं तर तांबडे, हळू बोललं तर निळे. भोंग्यावर पाटी व्हती, ती तन्वीनं वाचून दाखवली. कदी कुनाला बोलला नाय ते हितं बोला.

आमच्या आदीच्या जोडीतला पोरगा "हॅलो, हॅलो, पिझ्झा आला का" म्हनून गेला. लई वर्षं मनात र्‍हायलं असंल त्येच्या.

मला ह्या टोकाला ठेवलं, हिराबायला त्या टोकाला नेलं. भिंतीमुळं ती दिसत नव्हती. मी भोंग्यात मान घातली. आत गार व्हतं. तिकडून श्वास आला. मंग हिराबायचा खोकला. मंग ती म्हनली, "ह्यात काय बोलायचं असतं? येडे चाळे."

ती मला बोलली नव्हती, भोंग्याला बोलली व्हती. मी तितं उभी र्‍हाऊन इचार केला. कोंबडीशी बोललेलं चालतं, खांबाशी बोललेलं चालतं, मंग भोंग्याशी बोललं तर अबोला मोडला कसा? आन् हा भोंगा काय कोंबडीसारखा घरभर हिंडत नाय, ऐकनारं बी कोन नाय. मला वाटलं, नाय मोडत.

मी म्हनलं, "भोंग्या, तिला इचार. प्राजूचा आजा गेला त्या दिशी काय बोलला?"

तिकडं तिचे पाय वाजले. मला वाटलं ती निघून गेली. मंग आवाज आला, हळू.

"भोंग्या, सांग तिला. सकाळीच त्येचा दम वर चढला. मी म्हनलं, सुरेशला सायकलनं कशेळ्याला धाडते, अनसूला घेऊन येईल. तर मला म्हनला, नको वैनी. बाजार हाय तिचा. शेंगा टाकून येईल आन् आल्यावर मलाच शिव्या घालंल."

मी भोंग्याची कड धरली. पत्र्याची व्हती.

"आजून काय?" मी म्हनलं. भोंग्याचं नाव घ्यायचं र्‍हायलं.

"आजून काय नाय. पानी मागितलं. मी दिलं. मंग इचारलं, टेंपो आला का. मी म्हनलं येईल. दुपारी परत इचारलं. मंग नाय इचारलं."

म्हंजे वाट बघत व्हता. बोलवू नको म्हनला आन् वाट बघत र्‍हायला. मानूस तसाच व्हता, भाकरी नको म्हनायचा आन् ताटाकडं बघत बसायचा.

मी म्हनलं, "त्यो सोताच नको म्हनला व्हता, तर तू अंगनात सगळ्यांच्या फुडं तसं का बोललीस?"

मागून कोनतरी म्हनलं, काकू, लाईन आहे. तन्वीनं त्येला गप केलं.

"तू रडली नायस," हिराबाय म्हनली. "मी त्येला माज्या हातानं पानी पाजलं, मी रडून रडून बसलेली, आन् तू टोपली उतरवून डोईवरची चुंबळ घडी करून ठेवलीस. मला राग आला. तोंडातून गेलं. मंग परत घेता येईना. तू बोलायचीच थांबलीस, मी कुनाला सांगू?"

आता मला बी सांगायचं व्हतं की चुंबळ घडी केली कारन हातांना कायतरी पायजे व्हतं. पन ते भोंग्यात बोलायचं नव्हतं. मी मान बाहेर काढली.

बाहेर सगळी उभी. भिंत खालपासून वरपत्तूर निळी झालेली, आन् लोक टाळ्या वाजवत व्हते. तन्वी माजे दोन्ही हात धरून म्हनली, "काकू, आज दिवसभरात इतका सुंदर निळा रंग कोणाचाच आला नाही."

मी म्हनलं, "बरं."

पानांचं झाड

शेवटाला बाहेर पडायच्या वाटेवर येक मोठं तारांचं झाड, त्येला काचेची पानं. पानाला हात लावला की ते पेटतं आन् आतून कुनाचा तरी आवाज येतो. मला वाटलं गानी असतील. मी आन् हिराबाय येकमेकींकडं न बघता, पन आता जरा जवळून, चाललो व्हतो.

येका पोरीनं पानाला हात लावला. आतून हिराबाय बोलली. "नको वैनी. बाजार हाय तिचा."

आमी दोघी थांबलो. पोरगी खूश झाली. तिनं परत हात लावला. "बाजार हाय तिचा." तिच्या मैतरनी आल्या. येकीनं दुसऱ्या पानाला लावला, त्यातून त्यो पिझ्झावाला हॅलो हॅलो. मंग दोन्ही पानं येकाच येळी. हॅलो हॅलो, बाजार हाय तिचा, हॅलो हॅलो. ताल धरला त्यांनी. येक जन नाचायला लागला, दुसऱ्यानं मोबाईल काढला. "शेंगा टाकून येईल" पन तिसऱ्या पानात सापडलं त्यांना. लई हसले. पोरं वाईट नव्हती. त्यांना काय म्हाईत.

प्राजू तन्वीला म्हनली, "हे कसं काय वाजतंय?"

तन्वी म्हनली, "ही तर या कलाकृतीची खरी गंमत. भोंग्यात बोललेलं सगळं झाड साठवतं. काकूंचा आवाज आता कायमचा याचा भाग झाला. पुढं हे दुसऱ्या शहरात जाईल, तिथंही वाजेल."

"आमाला इचारलं नाय ते?" सुरेश म्हनला.

"तिथं कोपऱ्यात लिहिलंय."

कोपऱ्यात लिवलेलं व्हतं, इंग्लिशमंदी.

तवर हिराबाय गर्दीत घुसली. पोरांना बाजूला सारलं आन् त्या पानावर दोन्ही हात दाबून धरले, लहान पोराच्या तोंडावर धरतात तसे. तिला वाटलं दाबलं की गप बसंल. पन दाबलं की ते बोलतं. "बाजार हाय तिचा, बाजार हाय तिचा, बाजार हाय तिचा." जितकी ती दाबून धरत व्हती तितकं ते बोलत व्हतं, तिच्याच आवाजात, तिच्या हातांखालून. ती आजून जोर लावायला लागली. तोंड वाकडं झालं व्हतं तिचं. लोकांना वाटलं म्हातारीला खेळ जमला.

मी गेले. तिच्या मनगटाला धरलं.

"बाय, हात काढ," मी म्हनलं. "हात लावलास की बोलतंय ते."

ती माज्याकडं बघत र्‍हायली. मधी कोन नव्हतं.

"मंग काय करू?" ती म्हनली.

"काय नको करू. हात काढ आन् चल."

तिनं हात काढले. पान विझलं. आमी चालायला लागलो तवा मागं कुनीतरी परत हात लावला.

परत

येताना हिराबाय मागं बसली, माज्या बाजूला. सुरेशनं आरशातून बघितलं आन् गाडी चालू केली, शाना हाय. कर्जत सोडल्यावर मी म्हनलं, चुंबळ घडी केली कारन हातांना कायतरी काम पायजे व्हतं. ती म्हनली, मला काय म्हाईत. मंग झोपली.

आता बोलतो आमी. गोड झालो असं समजू नका. परवा वाल खुडताना बांधावरनं भांडलो, पन तोंडावर, मधी कोनी नाय. प्राजू म्हनते मंग त्या भोंग्यांचे उपकार माना. मी म्हनते, मानते. ज्यानं भोंगा केला त्याला माजा राम राम. ज्यानं झाड केलं त्याला नाय.

तुमी म्हनाल, येवढी लाज व्हती तर हितं सगळं कशाला सांगितलंस? हितं मी सांगते, माज्या तोंडानं, आदी काय झालं आन् मंग काय झालं ते सगळं. हिराबायला इचारून सांगते. तितं त्याचा येक तुकडा तोडून ठेवलाय. तो आवाज हिराबायचा हाय, पन बोलनं प्राजूच्या आजाचं हाय. त्येचा फोटो आमच्याकडं धड नाय. शेवटचं बोलनं तेवढं सापडलं, त्येच्यावर पोरं नाचतात.

प्राजूनं त्या लोकांना फोन केला, आमचं बोलनं झाडातून काढा म्हनून. ते बघतो म्हनाले. आजून बघतायत.

म्हून ज्यांचं ते झाड हाय त्यांना इनंती, ते पुसून टाका. आन् त्यांनी नायच पुसलं, तर तुमी जे कोन हे वाचताय, तुमच्या शहरात ते झाड आलं आन् पानाला हात लावल्यावर येक म्हातारी म्हनली, नको वैनी, बाजार हाय तिचा, तर हसा पायजे तर. पन हात काढा, आन् त्या पानाला परत लावू नका.